धुरी फिटर, हुद्दा चहावाला

सदाशिव धुरींना मी सहा-सात वर्षं पाहिलं आणि त्यांना घाईत असलेलं एकदाही पाहिलं नाही. आमचा कारखाना साकीनाक्याच्या मागच्या एका गल्लीत होता. सोड्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांना लागणारी पत्र्याची बुचं आम्ही बनवायचो. सहा प्रेस, चाळीसेक माणसं, आणि सकाळी आठपासून असा खडखडाट की शेजारच्या टेबलाशी बोलायचं तरी ओरडावं लागे. मी ऑफिसात टायपिस्ट होते. त्या खडखडाटात एक बुटके गृहस्थ हात मागे बांधून मशीनांच्या भोवती फिरत असत. घाम नाही, हाताला काळं नाही. पहिले पंधरा दिवस मी त्यांना मालकांचे कुणी नातेवाईक समजत होते. ते फिटर आहेत, मशीनं सांभाळायला कंपनीने ठेवलेला माणूस आहेत, हे मला मग कळलं.

खाकी शर्टाच्या खिशात त्यांचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर असे. फिरता फिरता ते थांबत, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवत, दांडा कानाला लावत आणि डोळे मिटत. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. मिनिटभर ऐकून झालं की ऑपरेटरला सांगत, "शनिवारी ह्येची पुली काढूया."

"मामा, चालतंय की झकास."

"चालताहा म्हणानच. बंद पडल्यावर कोण पण काढीत."

शनिवारी अर्धा दिवस काम असे. दुपारी सगळे गेले की धुरीमामा पुली काढत, पुसत, बेअरिंगला तेल घालत, परत बसवत. सोमवारी कुणाला काही कळतही नसे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. मला ते 'बाय' म्हणत.

मामा मूळचे कणकवलीकडचे. आमच्याकडे येण्याआधी एकोणीस वर्षं परळच्या एका गिरणीत याच कामावर होते. गिरण्यांचा संप झाला तेव्हा तेही बाहेर पडले. चार महिने गेले, पाच गेले. सगळ्यांना घराची काळजी होती. मामांनाही होती, पण त्याशिवाय दुसरी एक काळजी त्यांना झोपू देईना. आत सगळी मशीनं, सूत काढणाऱ्या रिंगफ्रेम, नुसती उभी होती. गंज धरणार. त्यांनी युनियनच्या ऑफिसात जाऊन परवानगी मागितली, "मी फक्त तेल देऊन येतंय. सूत काढणार नाय." युनियनवाल्यांनी त्यांना संपफोड्या ठरवलं आणि बाहेर काढलं. तिथून ते गिरणीच्या गेटवर गेले आणि मॅनेजरला तेच सांगितलं. तो म्हणाला, हा मशीनं मोडायला आलाय, आणि त्याने पोलिसांना बोलावलं. पोलिसाने विचारलं, "नक्की कुणाच्या बाजूचे तुम्ही?" मामा म्हणाले, "रिंगफ्रेमच्या." त्याने चौकीत एक तास बसवून सोडून दिलं.

ही हकीकत त्यांनीच मला बसमध्ये सांगितली. ते घाटकोपरला भटवाडीत राहायचे आणि मी पंतनगरला, त्यामुळे आमची बस एकच होती. सांगताना त्यांना त्यात गमतीचं काही वाटत नव्हतं. फक्त म्हणाले, "एक डबो तेल, बाय. कोणाचा काय गेला असता?"

कुरकुरणाऱ्या खुर्चीवर ते बसत नसत. कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करून बघत, ढिला असलेला स्क्रू पिळत आणि मग टेकत. आमच्या एका ऑपरेटरचे वडील गेले तेव्हा भेटायला म्हणून गेले आणि सगळे गप्प बसलेले असताना डोक्यावरच्या पंख्याचा टक्‌टक् आवाज त्यांना सहन होईना. शेवटी स्टूल घेऊन चढले. तो ऑपरेटर पुढे म्हणायचा, की बाबांच्या दुखवट्यातलं मला एवढंच आठवतं, की पंख्याचा आवाज थांबल्यावर आई रडतेय हे पहिल्यांदा ऐकू आलं. इतके दिवस आवाजात ते कळलंच नव्हतं.

माझ्या स्वतःच्या लग्नातही मामांचा हात आहे. मला वडील नव्हते. मुलुंडच्या एका मुलाकडे बघण्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा आई म्हणाली, बरोबर कुणी पोक्त पुरुषमाणूस हवा. मी मामांना विचारलं. ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात स्क्रू ड्रायव्हर नाही हे मी मुद्दाम पाहून घेतलं.

मुलाकडच्यांच्या चाळीत दोन खोल्या होत्या. मधल्या भिंतीत एक दार होतं, रंगाने पार बुजलेलं. पोहे आले. मुलाचे वडील माझ्या पगाराबद्दल विचारत होते, आणि मामांचं लक्ष दाराकडे.

"ह्यां दार अडकलाहा काय?" त्यांनी मधेच विचारलं.

"ते बंदच असतं," मुलाचे वडील म्हणाले.

"बंद असणा येगळा आणि अडकणा येगळा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. मामा उठले, बशीतला चमचा पुसून घेतला आणि चौकटीच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवला. रंगाचे पापुद्रे पडले. मग त्यांनी खाली पाय दिला, वर खांदा लावला आणि दार उघडलं.

पलीकडे चार माणसं जमिनीवर बसून आमटीभात जेवत होती. ते मुलाचे सख्खे काका आणि त्यांचं कुटुंब. वाटण्या झाल्यापासून दोन्ही भावांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. ते दार दोघांनी आपापल्या बाजूने रंग फासून बुजवलं होतं. काकांचा घास हातातच राहिला. इकडचे बघताहेत, तिकडचे बघताहेत. मामांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

"बिजागरी चांगली हा," ते दोन्ही घरांना उद्देशून म्हणाले. "फक्त तेल नाय."

"तेल आणू?" पलीकडच्या काकूंनी विचारलं. सहा वर्षांत त्या बाजूने आलेलं ते पहिलं वाक्य.

तेलाची वाटी काकूंच्या हातून माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी घेतली. लग्न जमलं. दोघे भाऊ पुढेही भांडले, पण त्यानंतर दार उघडं ठेवून भांडायचे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे नवाथेसाहेब आले. मालक फोर्टातल्या ऑफिसात बसायचे आणि कारखाना बघायला त्यांनी हा नवा मॅनेजर नेमला. नवाथे माणूस वाईट नव्हता. कुणावर ओरडायचा नाही, वेळेवर यायचा, पण जे कागदावर नाही ते त्याला दिसत नसे. आल्या आल्या त्याने प्रत्येक माणसाच्या कामाचा तक्ता करायला घेतला. फिटरच्या कामाचा हिशेब कुठे सापडेल म्हणून मी त्याला बिघाडाची वही काढून दिली. मशीन बंद पडलं की त्यात वेळ, कारण आणि दुरुस्ती लिहायची पद्धत होती. वही अकरा महिने कोरी.

साहेबाने मामांना बोलावून घेतलं. मी शेजारी शॉर्टहँडची वही घेऊन बसले होते.

"धुरी, गेल्या अकरा महिन्यांत तुम्ही काय काय दुरुस्त केलंत?"

"काय नाय, साहेब."

"काहीच नाही?"

"मोडूक दिलाच नाय, तर दुरुस्त काय करतलंय?"

साहेबाने माझ्याकडे वळून सांगितलं, "लिहा. काहीच दुरुस्त केलेलं नाही, हे त्यांनी स्वतः मान्य केलं."

मामा गेल्यावर मी म्हणाले, "सर, ते आहेत म्हणून मशीनं पडत नाहीत."

"कशावरून?" त्याने खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?

दोन दिवसांत कारखानाभर बातमी झाली की मामांची नोकरी जाणार. त्या काळात आसपासच्या कारखान्यांतही हेच चाललं होतं. कायमचे फिटर, वायरमन काढायचे आणि लागेल तेव्हा बाहेरच्या एजन्सीचा माणूस बोलवायचा. मामांना दोन मुली, भटवाडीतली खोली, आणि गिरणी सुटल्यावर चौदा महिने मिळेल ते काम करून झालेलं. तीन नंबर प्रेसवरचा दळवी त्यांच्याजवळ गेला.

"मामा, सोपं आहे. माझ्या मशीनचा एक बोल्ट ढिला करा. तासभर पडू दे बंद. तुम्ही बसवा, वहीत लिहा. महिन्यातून असं दोनदा केलं की साहेब खूश."

तिसऱ्या दिवशी मामा बसमध्ये मला म्हणाले, "आज करतंय."

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे हातात घेऊन लांब उभे राहिले. मामा पाना घेऊन एकटेच तीन नंबरकडे गेले. मशीनच्या मागे वाकले. दहा मिनिटं झाली. दळवीने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी मामा उठले, हात पुसले आणि आले. भोंगा झाला, दळवीने बटण दाबलं आणि तीन नंबर पूर्वीपेक्षाही गुळगुळीत चालायला लागलं.

"मामा, हे काय केलंत?"

"तो ढिलोच होतो रे," मामा खाली बघत म्हणाले. "हाताक लागलो. घट्ट करून इलंय."

पुढच्या सोमवारी साहेबाने मला पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. देण्याचं कामही माझ्याकडेच आलं. मामांनी कागद उलटसुलट पाहिला.

"इंग्रजीत हा. वाच."

"मामा, लिहिलंय की, तुमच्या कामाची आता कंपनीला गरज उरलेली नाही. नियमाप्रमाणे सगळे पैसे मिळतील."

ते बोट कागदावर ठेवून म्हणाले, "ह्यां अक्षर वर उडता. हय पण, हय पण. बघ."

इंग्रजी 'ई' माझ्या टाइपरायटरवर ओळीच्या वर उडायचा, ते खरं होतं. सहा महिने उडत होता.

"सांगूक नाय होतंस?" ते रागावले. माझ्यावर ते रागावल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. त्यांनी टाइपरायटर आपल्याकडे वळवून घेतला, खिशातून बारीक पक्कड काढली आणि पाच मिनिटांत तो 'ई' खाली आणला. मग मला पुन्हा ते पत्र टाइप करायला लावलं. नवीन प्रत नीट आली की नाही हे पाहूनच ते तिची घडी करून निघाले. माझ्याने त्या दिवशी दुसरं काही टाइप झालं नाही.

सव्वा महिन्यात चार नंबर प्रेस बंद पडला. साहेबाने मरोळच्या एजन्सीला फोन केला. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा तज्ज्ञ म्हणून गेटवर धुरीमामा हजर. असल्या जुन्या प्रेसचा माहीतगार म्हणून एजन्सीने त्यांनाच ठेवलं होतं. वॉचमन त्यांना चांगला ओळखायचा, पण नियम म्हणून त्याने पाहुण्यांची वही पुढे केली. नाव, गाव, कोणाला भेटायचे आहे. मामांनी सांगितलं, "चार नंबर प्रेसाक." वॉचमनने तसंच लिहिलं. ती नोंद मी नंतर पाहिली. भेटीचा वेळ दहा ते साडेबारा, आणि 'भेट झाली' या रकान्यात बरोबरची खूण.

पाहुणे म्हणून साहेबाने त्यांना केबिनमध्ये बसवलं. कपबशीतून चहा आला, बिस्किटं आली. कंपनीत तीन वर्षं काढली तेव्हा त्या खुर्चीवर मामा कधी बसले नव्हते. बसण्याआधी त्यांनी ती हलवून पाहिली.

"मला एक सांगा," साहेब म्हणाले. "तुम्ही इथे होता तेव्हा ही मशीनं अशी पडत नव्हती. तुमच्या मते काय कारण असेल?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "माका वाटता, तेव्हा कोणतरी लक्ष देय होतो."

साहेबाने मान डोलावली आणि हेही लिहून घेतलं.

एजन्सीतही मामा टिकले नाहीत. आमच्याकडे एकेक करून चार मशीनं त्यांनी पाहिली आणि ते एजन्सीत होते तोवर ती पुन्हा पडली नाहीत. कुर्ल्याच्या एका साबणाच्या कारखान्यात, पवईच्या एका छापखान्यात तेच. एजन्सीला पैसे मिळत ते प्रत्येक बिघाडामागे. फोन यायचे थांबले. एजन्सीच्या मालकाने त्यांना बोलावून सांगितलं, "धुरी, तुम ऐसा रिपेर करोगे तो मेरा धंदा कैसे चलेगा?" मामा म्हणाले, "तो कैसा करने का?" मालकाला त्याचं उत्तर तोंडाने देता येईना. त्याने त्यांना काढून टाकलं.

एका ठिकाणी काही मोडत नाही म्हणून गेले, दुसऱ्या ठिकाणीही काही मोडत नाही म्हणूनच गेले. मला हे बसस्टॉपवर सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की आपण नक्की काय शिकलो आणि कुठे चुकलो हे ते मनातल्या मनात तपासून बघताहेत. "धाकटीक आयटीआयत घालूची हा," म्हणाले. "टीव्ही दुरुस्तीचा शिकतली म्हणता. मी सांगितलंय, शिक. पण टीव्ही एकदम चांगलो करू नको."

मामा एजन्सीतून गेल्यावर तिथले दुसरे लोक येऊ लागले आणि मशीनं धडाधड पडू लागली. मग एक दिवस साहेबाने मला उत्साहाने एक टिपण सांगितलं. जगभर आता नवा विचार आलाय, बिघाड होण्याआधीच काळजी घ्यायची. त्यासाठी आपण एक वेगळा अधिकारी नेमायचा.

मी पेन्सिल थांबवली. "सर, धुरी हेच करायचे."

"धुरी फिटर होते," साहेब समजुतीने म्हणाले. "हे प्लॅनिंग आहे."

तरीही मी मामांचा अर्ज भरून घेतला. त्यात शिक्षण विचारलं होतं, तिथे आठवी लिहिलं. खाली 'आजवर हाताळलेल्या मोठ्या बिघाडांची यादी जोडावी' असं होतं. मामा बराच वेळ विचार करत होते. एकही आठवेना. अर्ज परत आला. त्या जागेवर सबनीस नावाचा डिप्लोमा झालेला इंजिनियर आला. त्याने भिंतभर एक तक्ता लावला, सहा मशीनं, बावन्न आठवडे, लाल, हिरव्या, निळ्या टाचण्या. तक्ता सुंदर होता. पहिल्याच आठवड्यात दोन मशीनं बंद पडली.

यातून वाट काढली ती कॅन्टीनच्या पाटकरबाईंनी. त्यांच्याकडे कॅन्टीनचा ठेका होता, आणि तिथे कुणाला ठेवायचं हे साहेबाला विचारावं लागत नसे. त्या मला म्हणाल्या, "माझा चहावाला गावी गेला तो गेलाच. मला माणूस हवाय. दिवसातून दोनदा प्रत्येक मशीनपाशी जाऊन चहा द्यायचा. ज्याला मशीनपाशी जायचंय असा कुणी आहे का तुझ्या ओळखीचा?"

मी भटवाडीत त्यांच्या खोलीवर गेले. मामी चुलीशी होत्या. ऐकून त्यांचे हात थांबले. "एकोणीस वर्षा गिरणीत फिटर होते," त्या एवढंच बोलल्या. मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "सगळ्या सहा मशीनांजवळ जावक मिळता?"

"सगळ्या. दोनदा."

"मग इलंय."

आणि फिटर धुरी चहावाले म्हणून कामाला लागले. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची जाळी आणि ॲप्रनच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. चहा ते स्वतःच करत. तो चहा कसा होता हे शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिल्या दिवशी दळवी म्हणाला, "मामा, वाट लागली चहाची," आणि दुसऱ्याच क्षणी ग्लास संपवून म्हणाला, "अजून अर्धा द्या." ऑपरेटरने ग्लास तोंडाला लावला, की मशीन दोन मिनिटं मामांच्या ताब्यात येई. जितका हळू चहा प्याल तितका वेळ मामांना मिळे. सगळा कारखाना तो कडू, धुरकट चहा घोट घोट करत प्यायला शिकला. पाटकरबाईंनी एकदा त्यांना साखरेचं प्रमाण शिकवायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "तां माका जमणार नाय. माझा लक्ष नाय तेच्यात."

महिन्याभरात मशीनं पडायची थांबली. सबनीसला आपल्या तक्त्याचं कौतुक वाटू लागलं. पण मुलगा प्रामाणिक होता, आपण टाचण्या बदलण्याशिवाय फारसं काही केलेलं नाही हे त्याला आतून ठाऊक होतं. एक दिवस तो सहा नंबरपाशी गेला तर किटली खाली ठेवलेली आणि चहावाला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटून उभा.

"काय करताय?"

"चहा देतंय."

"मशीनला?"

"तेका नको," मामा डोळे न उघडता म्हणाले. "पण डाव्या बेअरिंगाक तेल होया. बुधवारपर्यंत."

सबनीस वर गेला आणि सहा नंबरच्या ओळीत बुधवारवर लाल टाचणी लावली. त्यानंतर रोज सकाळी तो स्वतः चहाला खाली येऊ लागला. मामा त्याच्या ग्लासात चहा ओतता ओतता सांगत, तो ऐके आणि वर जाऊन टाचण्या लावी. संबंध तीन वर्षांत त्याने एकदाही ग्लासातला चहा टाकून दिला नाही. फोर्टातून मालक आले, त्यांनी तक्ता पाहिला, साहेबाची पाठ थोपटली. साहेबाने तक्त्याला काचेची चौकट करून घेतली, त्यामुळे टाचण्या बदलता येईनाशा झाल्या. सबनीसने त्यानंतर सरळ एक वही केली.

कागदोपत्री मामा शेवटपर्यंत चहावालेच होते. मी एकदा त्यांना विचारलं, याचं वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "मोठ्या पोरीच्या लग्नात वाटला. व्याही इचारी, काय करतात? तेव्हा सांगताना जीभ अडकली."

एकोणनव्वदच्या सुमाराला मालकांनी कारखाना बंद करायचं ठरवलं. साकीनाक्याच्या जागेला चांगला भाव येत होता, आणि बुचांचे कारखाने एकेक करून वापी-सिल्वासाकडे चालले होते. तिकडे कर कमी, जागा स्वस्त. मशीनं बघायला सिल्वासाहून मगनभाई नावाचे म्हातारे गृहस्थ आले. साधा सुती शर्ट, नखांत काळं. नवाथेसाहेबाने त्यांना केबिनमध्ये बसवून तक्ता दाखवला, सबनीसला उभं केलं. मगनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी जरा खाली बसतो. ते दिवसभर खाली एका खोक्यावर बसून राहिले. दोन वेळचा चहा प्याले. संध्याकाळी वर आले.

"सहातले चार घेतो," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "आणि तो चहावाला."

"तो कॅन्टीनचा माणूस आहे," साहेब म्हणाले. "आमचं मेंटेनन्सचं काम या तक्त्यावर—"

"तक्ता भिंतीवर राहू द्या. चहा मी दोनदा प्यालो. असला चहा करणाऱ्याला तुम्ही लोकांनी तीन वर्षं ठेवलाय, म्हणजे त्याचं दुसरं काहीतरी काम असणार."

साहेब हसले नाहीत. त्यांनी सबनीसकडे पाहिलं. सबनीस म्हणाला, "हो सर," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मगनभाईंनी नेमणुकीचं पत्र तिथेच माझ्याकडून टाइप करून घ्यायचं ठरवलं. मामांना वर बोलावलं. ते ॲप्रनवरच आले.

"हुद्दा काय लिहू?" मी विचारलं.

मगनभाईंनी मामांकडे पाहिलं. "काय लिहायचं?"

"चहा सोडून काय पण लिवा," मामा म्हणाले.

मगनभाई विचारात पडले. त्यांच्याकडे कसले हुद्देच नव्हते. शेवटी म्हणाले, "लिहा, मशीनचा माणूस." इंग्रजीत ते काही केल्या नीट बसेना. मी इंग्रजी अक्षरांत मराठीच टाइप केलं आणि वाचून दाखवलं. मामांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पत्राची घडी न घालता दोन्ही हातांत धरून ते जिना उतरले. पाटकरबाई सांगत होत्या, त्या संध्याकाळी मामी पहिल्यांदा कारखान्यावर आल्या होत्या, गेटबाहेर उभ्या होत्या, आणि त्या तशाच पत्र धरलेल्या माणसाच्या मागोमाग बसस्टॉपपर्यंत गेल्या.

मशीनं न्यायला ट्रक आला तोवर बाकीच्यांचे हिशेब होऊन माणसं पांगली होती. दळवी भांडुपला कुठेसा लागला, सबनीस पुण्याला गेला. मी कागदपत्रं आवरायला म्हणून आठवडाभर येत होते. चार प्रेस दोरखंडांनी बांधून चढवायला दुपार झाली. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकाचीच जागा होती. मगनभाईंनी मामांना तिथे बसवलं आणि स्वतः मागे, मशीनांच्या मधे ताडपत्री अंथरून बसले. मामा संकोचून दोनदा खाली उतरले. दोनदा मगनभाईंनी त्यांना परत चढवलं.

मी गेटपाशी उभी होते. मामांनी केस विंचरले होते, निळा शर्ट घातला होता, मांडीवर वळकटी होती. ट्रक गल्लीच्या तोंडाशी गेला आणि थांबला. मला वाटलं काही राहिलं. मी धावत गेले. मामा खिडकीतून वाकले.

"बाय, कॅन्टीनच्या पिंपातला पाणी बदल गो. तीन दिवसांचा हा."

"बदलते," मी म्हणाले.

ट्रक वळून कुर्ला-अंधेरी रस्त्याला लागला. मी आत आले. कॅन्टीन बंद होऊन तीन दिवस झाले होते. कारखान्यात मी आणि वॉचमन, दोघंच उरलो होतो आणि आम्हालाही शनिवारपर्यंतच यायचं होतं. मी पिंप आडवं करून पाणी ओतून दिलं, आतून काथ्याने घासलं, दोनदा खळबळलं आणि नळाखाली लावून काठोकाठ भरून ठेवलं.